शब्द कुठे तोडायचा

चिठ्ठीवर माझ्या बायकोचं नाव होतं. दुपारचे साडेतीन वाजलेले, भायंदरच्या नवघर रोडवरचं ऊन भांड्यांच्या दुकानावर आपटून उलटं माझ्याच तोंडावर येत होतं, आणि मी दुकानाच्या पायरीजवळ माझ्या स्टुलावर बसून ती चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होतो. सुगंधा आत्माराम मांडवकर. त्याच्याखाली इंग्रजीत, तिच्या मालकांच्या, मितेशभाईंच्या, तिरक्या घाईच्या अक्षरात, वर्कोहोलिक ऑफ द इयर. सोबत तेरा इंची थाळी, आरशासारखं पॉलिश मारलेली, त्यांच्याच कारखान्यातली; सुगंधा तिथे माल तपासते. गाडीवरून न उतरता त्यांनी ती माझ्या हातात दिली होती. ‘‘आत्मारामभाई, सरप्राइज आहे हां. भाभींना बोलू नका. गुरुवारी फंक्शनमध्ये स्टेजवर देणार. अक्षर मोठं पाहिजे, फोटोत आलं पाहिजे,’’ म्हणाले, आणि गेलेसुद्धा. तीस वर्षं मी लोकांच्या भांड्यांवर नावं घालतोय. लग्नातली, बारशातली, वास्तुशांतीतली, मेलेल्यांची. स्वतःच्या बायकोचं नाव दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घालायची वेळ पहिल्यांदा आली आणि काहीतरी बोचलं. नाव नाही बोचलं. नावाखालचा शब्द बोचला, आणि गुरुवार बोचला. कारण गुरुवारी सकाळी दहा वाजता सुगंधाच्या डाव्या डोळ्याची तारीख होती.

ही तारीख चौथी. पहिली दिवाळीच्या मालात गेली, दुसरी दुबईच्या कंटेनरमध्ये, तिसरी कसलंसं ऑडिट होतं त्यात. साखरेने डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आणलीय, इंजेक्शन द्यायचं, मग लेझर. मीरा रोडच्या डॉक्टरबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण गेल्या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवून सांगितलं होतं, ‘‘उजवा चांगला आहे ना मावशी, म्हणून डाव्याचं काय झालंय ते तुम्हाला कळत नाही. आणखी थांबलात तर डाव्याचं माझ्या हातात काही राहणार नाही.’’ सुगंधाने मान डोलावली. ती अशी मान डोलावते की समोरच्याला वाटावं, झालं, पटलं. आणि सोमवारी सकाळी, डबा भरता भरता मला म्हणाली, ‘‘अहो, हॉस्पिटलला फोन करून गुरुवारचं पुढे ढकला. बुधवार संध्याकाळपर्यंत सांगितलं तर चालतं त्यांना. फंक्शनला मी नसले तर बरं दिसत नाही.’’ मी हो म्हटलं. फोन केला नाही. आता मंगळवार दुपार, फोन अजून केलेला नाही, आणि मांडीवर थाळी.

मला इंग्रजी येत नाही. इंग्रजी अक्षरं येतात. सव्वीसच्या सव्वीस मला काढता येतात, दुकानांच्या पाट्या बघून बघून शिकलो, छापल्यासारखी काढतो. पण ती एकत्र येऊन काय बोलतात ते मला दर वेळी कुणालातरी विचारावं लागतं. त्यात लाज वाटायची ते दिवस गेले. शिकलेल्या लोकांना अक्षरं एकत्र येऊन काय बोलतात ते कळतं, पण अक्षराला पोट किती असतं आणि पाय कुठे टेकतो ते त्यांना विचारा, गप्प बसतील. तर वर्कोहोलिक. अक्षरं दहा. मितेशभाईंना पाहिजे त्या मापात घातली तर थाळीच्या सपाट भागात एका ओळीत सहाच बसतात. म्हणजे शब्द तोडायला लागणार. शब्द तोडणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. कागदावर चुकलं तर फाडून टाकता येतं, मोबाइलवर चुकलं तर बोटाने पुसता येतं. स्टीलवर सुई एकदा फिरली की ती माणसाच्या घरात चाळीस वर्षं राहते. मी नवीन होतो तेव्हा एका लग्नाच्या घागरीवर मरगजे आडनाव होतं. वरच्या ओळीत जागा संपली, मी बिनधास्त ‘मर’ वर आणि ‘गजे’ खाली घातलं. नवरीच्या आत्याने घागर दुकानात आणून माझ्यासमोर आपटली होती. ‘‘पोरीच्या नावापुढे मर लिहितोस रे भाड्या?’’ घागरीला जो पोचा पडला तो मी नंतर कितीतरी वर्षं बघत होतो. तेव्हापासून मी नियम केला: तोडायचं तर जोडाच्या जागी तोडायचं, जिथे दोन्ही तुकड्यांना आपापला अर्थ आहे. वर्क मला माहीत होतं. वर्क म्हणजे काम. उरलं अहोलिक. ते काय असतं ते कळल्याशिवाय मी सुई लावणार नव्हतो. म्हणून दिशाला फोन केला. दिशा आमची एकुलती, मीरा रोडला शाळेत इंग्रजी शिकवते, लग्न होऊन तिकडेच राहते.

‘‘बाबा, मी सुपरव्हिजनवर आहे. कुणी मेलं का?’’

‘‘नाही गं. वर्कोहोलिक शब्द तोडायचा तर कुठे तोडायचा?’’

‘‘तोडायचा म्हणजे?’’

‘‘दोन ओळींत घालायचाय. वर वर्क, खाली अहोलिक. अहोलिक म्हणजे काय?’’

‘‘अहोलिक म्हणजे काही नाही.’’

‘‘काही नाही कसं? अर्धा शब्द आहे तो.’’

‘‘अहो, अल्कोहोलिक माहितीय ना? दारुडा. त्याचं शेपूट कापलं आणि वर्कला चिकटवलं. कामाचा दारुडा, असं. आता ठेवू? मागच्या बाकावर कॉपी चाललीय.’’

तिने फोन ठेवला आणि मी मशीन बंद केली. ती बंदच होती खरं तर, तरी मी बटण दाबलं. कामाचा दारुडा. राग होता का, हो, राग होताच, पण त्याच्याबरोबर दुसरंच काहीतरी उसळत होतं, शाळेत गणिताचं उत्तर पहिल्यांदा स्वतःचं स्वतः सुटतं तसं. कारण दहा मिनिटांनी, पेपर सुटल्यावर, दिशाचा परत फोन आला, आणि आता तीही पेटली होती. ती लहानपणापासून अशीच, आधी झटकून टाकते, मग सोडत नाही. मोबाइलवर वाचून वाचून सांगत होती. म्हणाली, बाबा, गंमत ऐका, अल्कोहोलिक हा शब्द अल्कोहोल अधिक इक असा आहे, म्हणजे चिकटवायचं तर नुसतं इक चिकटवायला पाहिजे होतं. लोकांनी चुकीच्या जागी तोडला. अल्कोहोलच्या मधोमध करवत घातली, निम्मं फेकलं आणि निम्मं घेतलं. मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. अमेरिकेत कुणीतरी मरगजे केलं होतं. सगळ्या जगाने ते तसंच उचललं, छापलं, वापरलं, आणि एकाही नवरीच्या आत्याने घागर आपटली नाही. ‘‘कुणी केला हा शब्द?’’ मी विचारलं. ती म्हणाली, साठेक वर्षांपूर्वी एका अमेरिकन पाद्र्याने. लोकांच्या मनाच्या दुखण्यावर तो शिकवायचा. दारू सुटत नाही म्हणून हैराण झालेल्यांशी त्याचं बोलणं व्हायचं, आणि एक दिवस त्याला दिसलं की आपणही त्यांच्यातलेच, फक्त आपली बाटली वेगळी. त्याचा स्वतःचा पाच वर्षांचा पोरगा बापाला भेटायला वेळ मागायचा, अपॉइंटमेंट, असं सांगतात. ‘‘म्हणजे तो स्वतःलाच बोलला हे?’’ ‘‘हो ना. कबुली होती ती. माझं हे असं झालंय, मी आजारी आहे, अशी.’’ मी थाळीकडे बघितलं. थाळीत माझं तोंड दिसत होतं, पसरट, कान ओघळलेले. एका माणसाने छाती बडवून सांगितलं, मी आजारी आहे, आणि मितेशभाई ते थाळीत घालून, मंडपात, टाळ्या वाजवून माझ्या बायकोला वाढणार होते.

‘‘आणि बाबा, अल्कोहोलपण इंग्रजी नाहीच,’’ दिशा म्हणाली. ‘‘अरबी आहे. अल कुहल. सुरमा. डोळ्यांत घालतात ती पूड. बारीक केलेली वस्तू म्हणून आधी सुरम्याला म्हणायचे, मग कुठल्याही गोष्टीचा काढलेला बारीक अर्क, मग दारूचा अर्क, मग दारूच.’’

आता हे कुणाला सांगायचं? दुकानदार शेठ दुपारचे झोपलेले. बाजूचा मोबाइलवाला दिपेश कानात बोंडं घालून बसलेला. असं डोकं पेटलेलं असताना सुई लावत नाहीत. मी थाळी कागदात गुंडाळली, बगलेत मारली आणि रिक्षा करून सरळ मीरा रोडच्या नया नगरला गेलो, सुरमेवाल्या चाचांकडे. चाचांचं अत्तर-सुरम्याचं दुकान आहे, कपाटाएवढं; त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नाच्या भांड्यांवर माझीच नावं आहेत. मी पायरी चढतानाच विचारलं, ‘‘चाचा, अल कुहल क्या होता है?’’

‘‘सुरमा, और क्या. अरबी में बोलते हैं. किसको लगाना है?’’

‘‘दारू को भी वही बोलते हैं.’’

‘‘तौबा. किसने बोला?’’

‘‘लड़की ने. टीचर है. सुरमा का अल्कोहोल बना, अल्कोहोल का अल्कोहोलिक, और उसको तोड़ के वर्कोहोलिक. ज्यादा काम करनेवाला. मेरी घरवाली को इनाम में दे रहे हैं.’’

चाचांनी चष्मा वर केला, थाळी उघडून बघितली, रिकामीच होती. ‘‘पीसते पीसते सुरमा दारू बन गया, और दारू काम बन गयी,’’ ते म्हणाले. ‘‘आत्माराम भाई, आप धूप में कम बैठा करो.’’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले, मीही हसलो, त्यांनी कटिंग मागवली. मग कपाटातल्या पितळी सुरमेदान्या उगाच इकडच्या तिकडे करत म्हणाले, ‘‘चीज तो आँख के वास्ते थी. आँख ठंडी रहे इसलिए.’’

आँख के वास्ते. माझा चहा तसाच राहिला. शब्द डोळ्यातून निघाला आणि फिरत फिरत, बाटलीत बुडून, मधोमध चिरून, भायंदरला येऊन परत एका डोळ्यावर बसला. मला वाटलं, बस, सापडलं. आता हे घरी जाऊन सुगंधासमोर ठेवायचं, जसं वकील कोर्टात कागद ठेवतो. ती ऐकेल. ऐकायलाच लागेल. कारण दारू तिला कुणी शिकवायला नको. तिचा मोठा भाऊ बाबाजी दारूने गेला, गुहागरला, शेवटची दोन वर्षं हिनेच येऊन-जाऊन काढली त्याची. त्याची ओकारी हिने पुसलीय. लोटे परशुरामच्या कंपनीतून काढून टाकल्यावर तो रोज म्हणायचा, ‘‘सुगे, हा शिमगा झाला की बंद. आईची आण.’’ शिमगा व्हायचा, मग म्हणायचा गणपती झाले की. त्याचा प्रत्येक सण म्हणजे दारू सोडायची तारीख होती, आणि प्रत्येक तारीख पुढे जायची. आणि ही? दिवाळीचा माल गेला की. कंटेनर गेला की. ऑडिट झालं की. रिक्षात बसून मी मोठ्याने बोललो असणार, कारण रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

पण रिक्षा हायवेवरून वळली तसा माझाच मेंदू माझ्यावर उलटला. बाबाजीला पाजणारे लोक होते. गुत्त्याचा मालक होता, उधार देणारा होता, ‘घे रे एक’ म्हणणारे चार दोस्त होते. दारुडा म्हटलं की निदान गुत्ता दिसतो. वर्कोहोलिक म्हटलं की माणूस एकटाच दिसतो. जणू ही बाई स्वतःच्या पायाने गेली, स्वतःच काम ओतून घेतलं आणि प्याली. ओतत कोण होतं? सकाळी साडेपाचला चपात्या कोण खातं, गरम पाहिजेत म्हणून? रविवारी मितेशभाईंचा फोन आला आणि ती चप्पल घालायला लागली तेव्हा टीव्हीवरची मान न वळवता ‘येताना खोबरं आण’ कोण म्हणालं? मी. मी चांगला नवरा आहे असं माझं मत होतं. मारत नाही, पीत नाही, शिव्या देत नाही. त्या मतावर मी एवढी वर्षं मजेत बसलो होतो, आणि ते मत स्टुलासारखं माझ्या बुडाखालून निसटलं. रागावायला मितेशभाई पुरत नव्हते.

बुधवारी दुपारी मी त्यांना कारखान्याच्या गेटवर गाठलं. मितेशभाई तिशीतले, वडील गेल्यावर सगळं त्यांच्या अंगावर आलेलं. वाईट माणूस नाही, हे लिहायला मला बरं वाटत नाही पण खरं आहे. मी म्हटलं, ‘‘शब्द बदलू का? आदर्श कामगार घालतो. दोन शब्द, दोन ओळी, तोडायला नको.’’

‘‘अरे नाही, वर्कोहोलिकच पाहिजे. मस्त वर्ड आहे.’’

‘‘अर्थ माहीत आहे का मितेशभाई?’’

‘‘असं काय विचारता? ज्याला कामाशिवाय चैन पडत नाही तो. पप्पांना सगळे तेच बोलायचे. केबिनमध्येच गेले ते, ऑर्डर बुक हातात होती. असं मरण नशीबवान लोकांना येतं.’’ आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्याकडे सुरमा होता, पाद्री होता, चुकीच्या जागी मारलेली करवत होती, सगळा पुरावा जिभेवर होता, आणि माझ्यासमोर एक पोरगा बापासाठी रडत होता. मी तो गिळला. बरं, गिळला तो गिळला, दुकानावर आलो, मशीन लावली आणि तो शब्द घातला. वर्क वर, अहोलिक खाली. घातला, कारण कामात नाही म्हणायची मला सवय नाही. सुईचा आवाज दाढेत घुसतो तसा घुसत होता, पोलादाचा बारीक भुगा अंगठ्यावर बसत होता, सुरम्यासारखाच काळपट, आणि अक्षरं सुंदर येत होती. एवढी सुंदर की मला माझी शिसारी आली.

सुगंधा साडेसहाला आली. पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली, ‘‘मोतिया नेसू की हिरवी?’’

‘‘कशाला?’’

‘‘नाटकं करू नका. अख्ख्या कारखान्याला माहिती आहे. लाइनवरची मीनल तर मला सकाळपासून वर्कोहोलिक मॅडम म्हणतेय. दाखवा थाळी.’’ तिचा चेहरा असा उजळला होता की मला आमचं लग्न आठवलं, लग्नातही ती एवढी उजळली नव्हती. तिने थाळी दोन्ही हातांत धरली, ट्यूबखाली नेली, कलती केली, कडेवरून अंगठा फिरवला. ‘‘अक्षर छान आलंय तुमचं,’’ म्हणाली. ‘‘हॉस्पिटलला फोन केलात?’’

‘‘नाही.’’

‘‘सोमवारपासून सांगतेय. सातला बंद होतं त्यांचं. करा आता.’’

‘‘आधी ह्याचा अर्थ ऐक,’’ मी म्हटलं, आणि सांगितलं. सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, तोंडाला फेस येईपर्यंत. पाद्री सांगितला, त्याचा पोरगा सांगितला, सुरमा सांगितला. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती, थाळी मांडीवर. मी बाबाजीवर आलो तेव्हा मात्र तिची हनुवटी वर झाली.

‘‘म्हणजे मी दादासारखी?’’

‘‘तारखा बघ ना. तो शिमगा म्हणायचा, तू कंटेनर म्हणतेस.’’

‘‘दादा पिऊन गटारात पडायचा. मी काम करून कुठे पडले सांगा. ह्या घरात पडले, हे घर उभं करून.’’

‘‘तसं नाही गं...’’

‘‘तसंच आहे. दोन दिवस शब्दाच्या मागे फिरलात, रिक्षाने नया नगरला गेलात. बायको चाळीस जणींच्या वर बसते, ती तिथे काय करते ते बघायला एकदा तरी आलात? मी एक झाकण बाजूला ठेवलं ना, तर ते उचलून परत मालात टाकायची मितेशच्या बापाची हिंमत नव्हती. इथे मी आमटीत मीठ कमी घालते म्हटलं तर तुम्ही ऐकत नाही.’’ मग जरा खालच्या आवाजात, ‘‘मला आवडतं ते काम. तुम्हाला नावं घालायला आवडतं ना? मग तुम्ही कोण? नावांचे दारुडे?’’

पावणेसात झाले होते. माझा सगळा पुरावा तिने एका प्रश्नात झाडून कचऱ्यात टाकला, आणि तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असूनही उद्या तिचा डोळा जाणार होता. मी ओरडलो, ‘‘आंधळी होशील.’’

‘‘दिसतं मला.’’

‘‘डाव्याने?’’

‘‘दोन्हींनी दिसतं.’’

मी पुढे झालो आणि तिच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. किती वर्षांनी मी तिच्या तोंडाला हात लावत होतो कोण जाणे. पापणी माझ्या हाताखाली पाखरासारखी फडफडली. ‘‘वाच थाळी,’’ मी म्हटलं. ‘‘सुगंधा आत्माराम मांडवकर, वर्कोहोलिक ऑफ द इयर,’’ ती फाडफाड बोलली. पाठच होतं तिला. मी तसाच हात धरून दुसऱ्या हाताने ओट्यावरचं एक झाकण ओढलं. आमच्या घरातलं एकूण एक भांडं तिनेच कधी ना कधी नापास केलेलं आहे, कामगारांना ते घरी न्यायला मिळतं. झाकण तिच्या हातात दिलं. ‘‘हे चेक कर.’’

तिने सवयीने ते ट्यूबखाली धरलं. कलतं केलं. इकडून, तिकडून. मनगटाची ती हालचाल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि कबूल करतो, देखणी होती. ‘‘पास,’’ ती म्हणाली.

मी हात काढला.

झाकणावर या कडेपासून त्या कडेपर्यंत चरा होता. नखाने चाचपला तर लागेल एवढा. तिने बघितलं. मग स्वतःच उजवा डोळा झाकला, बघितलं. उघडला, बघितलं. परत झाकला. असं पाच-सहा वेळा केलं. मला वाटलं, आता डोळ्यासाठी कोसळणार, मी तिच्या खांद्याला धरलं, तिने झटकलं.

‘‘मी दोन दोन झाकणं धरते हो,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्ही हातांत एकेक. म्हणून तर माझी लाइन सगळ्यांच्या पुढे. उजवीकडचं ह्या डोळ्याने बघते, डावीकडचं त्या डोळ्याने.’’ आणि तिने डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो हात तिचा नव्हताच.

फोन तिनेच लावला, मितेशभाईंना. स्पीकरवर. तिकडून ‘‘बोला बोला भाभी’’ झालं, मागे मंडपवाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. ‘‘मितेशभाई, उद्या मी येत नाही. डोळ्याचं करून घेते. मीनलला चेकिंगवर बसवा, तिची नजर साफ आहे.’’

‘‘भाभी, पण फंक्शन? पाहुणे येतायत. परवा करा ना डोळ्याचं.’’

‘‘ऐका आधी. माझ्या नावाचा पास लागलेला माल गोडाऊनमध्ये जेवढा आहे तेवढा सगळा परत उघडा. गणपतीपासूनचा, डोळा बिघडला तेव्हापासूनचा.’’

‘‘काय बोलताय? पॅक झालाय तो. सील झालाय.’’

‘‘सील तोडा. मी आंधळ्या डोळ्याने पास केलाय तो.’’

तिकडची ठोकाठोक चालू राहिली. मग मितेशभाई म्हणाले, ‘‘भाभी, हे दुसऱ्या कुणाला बोलू नका हां.’’

‘‘सगळ्यांना बोलणार,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सात वाजून गेले होते. हॉस्पिटलचा फोन बंद झाला असणार, तारीख आपोआप जागेवर राहिली होती, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. ना सुरम्याचं, ना पाद्र्याचं. ज्या कामाला मी दोन दिवस गुत्ता म्हणत होतो त्याच कामाने तिला मानेला धरून दवाखान्याच्या दारात उभं केलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. तिने कपाटाच्या वरच्या खणातून फाइल काढली, साखरेचे रिपोर्ट, डॉक्टरबाईंचे कागद, आधार कार्ड, सगळं लावून पिशवीत भरलं आणि पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली. ‘‘नऊला निघायचं. आदल्या रात्री काही खायचं नाही असं म्हणालेल्या का हो?’’ ‘‘नाश्ता करून या म्हणालेल्या,’’ मी म्हटलं. मग ती परत पलंगाच्या कडेवर बसली, ते चरा पडलेलं झाकण मांडीवर घेऊन, आणि रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी, दोन्ही डोळ्यांतून सारखंच.

मी शेजारी बसलो. म्हटलं, ‘‘वेळेत जातोय आपण. डोळा राहील तुझा.’’

‘‘डोळ्याचं सोडा हो,’’ ती म्हणाली. ‘‘लोकांच्या घरात गेली ती झाकणं.’’